चौकटीबाहेरचा हात

सुचिता माहेरी आली ती रिक्षातून उतरून सरळ मोरीत गेली आणि तोंड धूत बसली. विमलबाई मागोमाग धावल्या. "काय झालं व? सांग ना व बाई, काय झालं?" लेकीचा पदर बाजूला झाला तेव्हा त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "रडून रडून डोळे कसे करून घेतले पोरीनं!" झालं. आईला डोळे दिसले. धाकटी अनुपमा मोरीच्या दारात उभी होती, तिला दिसलं ते निराळंच. ताईच्या डाव्या कानात रिंग नव्हती, आणि रिंग असते ती कानाची पाळी चिरून तिची दोन टोकं लोंबत होती. उजव्या हाताची दोन बोटं फुगली होती. मानेच्या मागच्या बाजूला, केसांखाली, काळसर डागांची एक रांग होती आणि पुढच्या बाजूला, गळ्यापाशी, एकच मोठा डाग होता.

"ताई, तुही मान कोणं धरली?" अनुपमानं विचारलं.

सुचिताच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "तुले बरं दिसते व सगळं," ती म्हणाली, आणि ओल्या मोरीतच बसकण मारून तिनं हंबरडा फोडला.

अमडापुरात अनुपमाला लोक बयाडी म्हणत, म्हणजे वेडी. चोवीस वर्षांची पोरगी, बारावी पास, घरी मशीनवर ब्लाउज शिवायची, आणि तिच्या हातचा ब्लाउज कधी काखेत काचला नाही की गळ्याला उचलला नाही. पण बोलताना ती समोरच्याच्या कॉलरशी बोलायची, बांगड्यांशी बोलायची, चपलेशी बोलायची. तोंडाकडे बघायची नाही. कुणाच्या डोळ्यांत बघितलं की तिला उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघितल्यासारखं व्हायचं, मग डोक्यात नुसता पांढरा उजेड आणि शब्द गायब. आता याला कुणी काय करावं? पण लोकांना डोळ्यांचं भारी वेड. डोळे वर कर, डोळ्यात पाहून सांग, डोळे काऊन चोरते. जो डोळ्यात बघतो तो खरा आणि जो बघत नाही तो चोर, इतका सोपा हिशेब! अहो, या हिशेबावर किती पोरी मेल्या ते कुणी विचारत नाही.

बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या एका मॅडमनी ती स्वमग्न असल्याचं सांगितलं तेव्हा अनुपमा विशीच्या पुढं गेली होती. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला कार्डं दिली. कार्डावर नुसते डोळे, नाक नाही, तोंड नाही, मान नाही, आणि खाली चार शब्द. त्यातला बरोबर शब्द ओळखायचा. अनुपमानं ती कार्डं पाढ्यांसारखी पाठ केली. भुवया मधून वर उचललेल्या, पापण्या ओल्या, नजर खाली, म्हणजे पश्चात्ताप. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आणि खालची पापणी फुगलेली, म्हणजे आनंद. "हातापायांकडे बघणं सोड," मॅडम म्हणायच्या. "वर बघ. भावना डोळ्यांत असते." विमलबाई बसमधून येताना शेजारणीला कौतुकानं सांगायच्या की आता आमच्या अनूला माणसं समजायला लागलीत.

अनुपमाला माणसं आधीही समजत होती, पण त्या समजण्याला कार्ड नव्हतं. मागच्या दिवाळीत हरिओम भाऊजी सासरवाडीला आला होता. चिवड्यात मीठ जास्त झालं म्हणून हसला, आणि हसता हसता त्याचा उजवा अंगठा मुठीच्या आत गेला आणि वर चार बोटांनी त्याला दाबून धरलं. पुढच्या घटकेला ताट भिंतीवर. "सटकलं हातून," भाऊजी म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंगठा पुन्हा आत गेला आणि अंगणातल्या कुत्रीच्या पोटात अशी लाथ बसली की ती दोन दिवस उठली नाही. अनुपमानं तेव्हाच मनाशी गाठ बांधली की अंगठा मुठीत गेला की काहीतरी फुटतं.

बैठक ओसरीवर भरली. सोनाळ्याहून हरिओम आला, त्याची आई झुंबरबाई आली, सुचिताचे वडील उकंडराव समोर बसले, आणि मध्यस्थ म्हणून विमलबाईंचे भाऊ नारायणराव. सुचिताला परत नांदायला पाठवायचं की नाही, एवढाच प्रश्न. तसा प्रश्न कशाला म्हणायचं त्याला? चहा ठेवलेला होता, झुंबरबाईंनी येताना साडी आणली होती, सगळ्यांना उत्तर माहीत होतं. फक्त ते उत्तर सुचिताच्या तोंडून यायला हवं होतं.

"चुकलं माहं," हरिओम म्हणाला. देखणा गडी, आणि डोळे तर असे पाणीदार की बायाबापड्यांनी दृष्ट काढावी. "दुकानाचं टेन्शन होतं, मामा. हात उचलला गेला. मी मले माफ नाही करू शकत."

"मले नोको सांगू," नारायणराव म्हणाले. "सासऱ्याच्या डोळ्यात पाह्य अन् सांग."

हरिओमनं मान वर केली, सासऱ्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले हो. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. विमलबाई विरघळल्या. आतल्या दारात उभ्या सुचितालाही गलबलून आलं, कारण नवरा होता तो, आणि तिला त्याचे डोळे अजून आवडत होते. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण तीच तर खरी फजिती होती.

"जा पोरी," नारायणराव म्हणाले. "मानूस रडून राह्यला तुयासाठी."

"अनू सांगन," सुचिता एकदम म्हणाली.

सगळे हसले. नारायणराव तर मोठ्यानं हसले. पण सुचिता हसली नाही. "ते कधी खोटं बोलत नाही. अनू, यायच्याकडे पाह्य अन् सांग. जाऊ का मी?"

अनुपमानं जोर करून मान वर केली. भुवया मधून उचललेल्या. पापण्या ओल्या. नजर आता खाली. कार्ड समोर लख्ख उभं राहिलं. मग तिची नजर सवयीनं खाली घसरली आणि तिला मांडीवरचा उजवा हात दिसला. अंगठा आत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

दोन उत्तरं झाली. कार्डाला तर एकच उत्तर असतं. मॅडमनी तिला शंभरदा सांगितलं होतं, हात सोड, डोळे धर, तू हात बघतेस म्हणून चुकतेस. आणि ती आयुष्यभर चुकतच आली होती, असं सगळे म्हणत होते. या एका वेळी तिला बरोबर यायचं होतं.

"पश्चात्ताप," अनुपमा म्हणाली.

"पक्कं?"

"कार्डावर असंच होतं."

हे दुसरं वाक्य कुणी ऐकलंच नाही. विमलबाईंनी तिचं तोंड हातात घेऊन मुका घेतला, तिला ते आवडत नाही हेसुद्धा विसरून. "पाहा," हरिओम डोळे पुसत म्हणाला, "सालीले समजते." मग नारायणरावांना आणखी एक सुचलं. लग्नात नवरीसोबत पाठराखीण म्हणून धाकटी बहीण जाते, तेव्हा बयाडीला कुठं पाठवता म्हणून चुलत बहिणीला पाठवलं होतं. "तवा राह्यलं ते आता करू. अनूले पाठवा सोबत. सुचितालेही आधार होईन." हरिओम म्हणाला, पाठवा की, आमच्या घरी काय कमी हाये. अशी अनुपमा ताईची पाठराखीण होऊन खामगाव, शेगाव, संग्रामपूर करत सोनाळ्याला गेली.

सोनाळ्यात घराच्या पुढच्या अंगाला हरिओमचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्यांचे गज. ग्राइंडर सुरू झाला की अनुपमा कानात कापसाचे बोळे घालून मागच्या खोलीत बसायची. सुरुवातीचे दिवस गोड गेले. हरिओम जिलबी आणायचा, सुचिताच्या कानाला मलम लावायचा. सुचिता गुणगुणायला लागली. "तुया म्हणण्यावर आली मी," ती बहिणीला म्हणाली. "बरं झालं आली." अनुपमानं कापसाचे बोळे पुन्हा कानात घातले. 

मग एका दुपारी दुकानात ट्रॉलीवाला आला, त्याला सुचितानं पाणी दिलं, आणि तो काहीतरी म्हणाला त्यावर ती हसली. बस, एवढंच. हरिओम जेवायला आत आला. पाटावर बसला, भाकरी मोडली, आमटीची तारीफ केली. अनुपमा समोर भिंतीला टेकून बसली होती.

"ताई, भाईर चाल," ती म्हणाली.

"काऊन?"

"अंगठा आत गेला."

सुचितानं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "हसून राह्यले ना व ते," ती म्हणाली. आणि खरंच, तो हसत होता. हसत हसतच उठला, बुडाखालचा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि सुचिताच्या खांद्यावर हाणला. ती आडवी झाली. दुसरा फटका पाठीत. तिसरा ढुंगणावर. "पाणी पाजते! दात काढते! लोकायपुढे दात काढते!" सुचिता पोटाशी पाय घेऊन गोळा झाली, तसा तो पाटाची धार खाली करून तिच्या नडगीवर मारत राहिला. आमटी जमिनीवर सांडून तिच्या केसांत गेली. अनुपमा किंचाळत होती. कान दाबून, डोकं भिंतीवर आपटत, एकाच सुरात किंचाळत होती. त्यानं वळून एक पाट तिच्याही कोपरावर दिला तेव्हा ती गप्प झाली. झुंबरबाई शेजारच्या खोलीतून उठल्या, आणि काय केलं म्हणता? खिडकी लावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "शेजारी ऐकतीन बाप्पा," एवढंच म्हणाल्या. हरिओमनं तोच पाट परत मांडला, त्याच्यावर बसला आणि राहिलेली भाकरी खाल्ली. ताटात लोणचं नाही म्हणून आईला हाकही मारली.

संध्याकाळी अनुपमानं बापाला फोन लावला. तिला गोल गोल सांगता येत नाही. "बाबा, भाऊजींनं ताईले पाटानं मारलं. मलेही मारलं. आम्हाले घेऊन जा."

उकंडरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाले, "तू घाबरू नोको. मी जावईबापूशी बोलतो, समोरासमोर."

समोरासमोर म्हणजे मोबाइलवर, तोंड दिसतं त्या फोनवर. हरिओमनं फोन हातात धरला आणि असा रडला, असा रडला, की काय सांगावं. म्हणाला, धाकटीला झटका आला होता, डोकं आपटत होती, तिला आवरताना सुचिता पडली. म्हणाला, बाबा, मायाकडे पाहा, मी असा वाटतो का? उकंडरावांनी पाहिलं. तसा वाटला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरावी लागली असती. "नाही वाटत, बापू," ते म्हणाले. फोन बंद झाला तसा हरिओम उठला, अनुपमाचा मोबाइल तिच्या हातातून काढून दुकानात घेऊन गेला आणि ऐरणीवर ठेवून घणाचा एक घाव घातला. काचेचा चुरा त्यानं तिच्या उशीवर आणून टाकला.

त्यानंतर मार रोजचा झाला. कधी केबलनं, कधी चपलेनं, कधी नुसते केस धरून चौकटीवर तोंड. आता सुचिता मात्र शिकली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून बहिणीच्या तोंडाकडे बघायला लागली. अनुपमा हलकेच "आत" म्हणायची, आणि सुचिता डोकं झाकून घ्यायची, नाहीतर उंबऱ्याबाहेर व्हायची. असे काही मार चुकले. पण घर सोडून जाणार कुठं? दार दुकानातून होतं आणि दुकानात तो होता. बापानं नाही म्हटलं होतं. आणि सुचिताच्या मनात एक धास्ती बसली होती की आता एखाद दिवशी पाटाऐवजी त्याच्या हातात दुसरं काहीतरी येईल. दुकानात लोखंडाला काय तोटा होता?

हरिओम हुशार. सासऱ्याला तो आता स्वतःहून फोन लावायचा, तोंड दाखवायचा, सुचिताचं दाखवायचा. एके दिवशी सकाळीच लावला. सुचिताला खाटेवर बसवलं, स्वतः शेजारी बसला, एक हात तिच्या खांद्यावर टाकला. दुसरा हात खाली होता, तिच्या पुन्हा सुजलेल्या बोटांवर. मग फोन कोण धरणार?

"ए साली," तो म्हणाला, "धर फोन. मागचा कॅमेरा लाव अन् सरळ धर. आमची दोघायची तोंडं आली पायजेत, बाकी काही नोको. समजलं का व?"

अनुपमानं फोन धरला. तिला सांगितलं ते ती नीट करते, हे त्याला माहीत होतं. चौकटीत दोन तोंडं आली. पलीकडून उकंडरावांचं कपाळ दिसलं, मागं विमलबाई.

"कशी हायेस व बाई?"

"मजेत हाय बाबा," सुचिता म्हणाली आणि हसली.

चौकटीच्या खाली, जिथं फोनला दिसत नव्हतं तिथं, हरिओमनं तिचं फुगलेलं बोट धरलं आणि हळूहळू उलटं वाकवायला सुरुवात केली. सुचिता हसतच होती. तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या, खालची पापणी फुगली.

"तोंडावर कसं समाधान दिसून राह्यलं पोरीच्या," पलीकडून विमलबाई म्हणाल्या. "डोळे पाहा हो तिचे."

अनुपमा पडद्याकडे बघत होती. पडदा सांगत होता, आनंद. पडद्याखाली बोट सांगत होतं, आता तुटेन. पुन्हा दोन उत्तरं. आणि तेव्हा तिला ते समजलं, इतकं साधं की तिला स्वतःचाच राग आला. मॅडमच्या कार्डावरचे डोळे कुणीतरी कापलेले असतात. त्या माणसाला खाली मान होती, छाती होती, हात होते, ते कात्रीनं बाजूला पडले होते. भाऊजी आता तिच्याच हातानं ताईला कापून दाखवत होता.

बोट मोडलं. कडाक्कन नाही, ओल्या काडीसारखं, बारीक. सुचिताच्या तोंडातून हुंकार निघाला आणि तिनं तो हसण्यात घातला.

अनुपमानं फोन खाली केला. चौकटीत आता तोंडं नव्हती. हरिओमची मूठ होती आणि मुठीतून भलत्याच बाजूला वळलेलं सुचिताचं बोट होतं.

पलीकडे विमलबाईंनी किंकाळी फोडली.

हरिओमला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी त्यानं बसल्या जागेवरून लाथ घातली ती अनुपमाच्या पोटात. ती दारावर आदळली, फोन उताणा पडला. उकंडरावांना आता नुसतं पत्र्याचं छत दिसत होतं आणि आवाज येत होते. "मले दाखवते! मले! तुया मायचं..." तो तिच्या छातीवर बसला, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून फरशीवर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. अनुपमाच्या नाकातून रक्त आलं, तोंडात गेलं. तो उठला आणि दुकानाच्या दाराकडे गेला, तिथल्या कट्ट्यावरचा घण उचलला आणि परत फिरला.

दारापाशी गेटाचा लोखंडी पाईप उभा होता. सुचितानं तो डाव्या हातानं उचलला. उजवा हात निकामी होता. तिनं आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, घण खाली पडला. "सुचे!" तो म्हणाला, आणि त्यानं तिच्याकडे असं बघितलं, तेच पाणीदार डोळे, तसंच भरून. सुचितानं डोळे गच्च मिटले आणि दुसरा फटका मारला. तो त्याच्या गुडघ्यावर लागला. हाड फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, अमडापुरातसुद्धा. तो कोसळला. ती मारत राहिली. पाठीवर, खांद्यावर, कमरेवर, जिथं जिथं तिला बसले होते तिथं तिथं, डोळे मिटून, तोंडातून आवाज न काढता. झुंबरबाई दारात आल्या आणि "माह्या लेकाले मारलं व, मारलं व" करत छाती पिटायला लागल्या. आज त्यांना खिडकी लावायचं सुचलं नाही.

सुचितानं पाईप पुन्हा डोक्यावर नेला. आता तो डोक्यातच बसला असता.

"ताई," फरशीवरून अनुपमा म्हणाली. "मूठ उघडली त्याची."

सुचितानं डोळे उघडले. हरिओमचा हात जमिनीवर पालथा पसरला होता, पाचही बोटं सैल. तिनं पाईप टाकून दिला. बहिणीला उठवलं आणि दोघी दुकानातून रस्त्यावर आल्या, रक्ताळलेल्या, अनवाणी. समोरच्या हॉटेलात चहा पिणारे उठून उभे राहिले. रिक्षावाल्यानं पैशाचं नावही काढलं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात नेलं.

दुपार कलताना उकंडराव आणि विमलबाई भाड्याची गाडी करून पोचले. सुचिताच्या हाताला प्लास्टर होतं. शेजारच्या खाटेवर अनुपमा, डोक्याला पट्टी बांधून. दाराशी पोलीस ठाण्याच्या हवालदार बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. डॉक्टरांनी होकार दिला की त्या जबाब घेणार होत्या. विमलबाई दोन्ही खाटांच्या मधे उभ्या राहून रडत होत्या, कोणत्या लेकीला आधी धरावं ते त्यांना कळत नव्हतं.

उकंडराव पँटच्या खिशांत हात घालून सुचिताच्या पायथ्याशी उभे राहिले. "आम्हाले काय माहीत, बाई," ते म्हणाले. "बैठकीत रडला तो. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. आम्ही साधी मानसं. डोळे पाहूनच इस्वास ठेवतो."  त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इहिणीचा फोन आल्ता. पाय गेला म्हणते पोराचा. तिथं तोही रडूनच राह्यला. पोलिसात दोघायचंही नाव खराब होईन. तूनंही मारलंच ना. घरातलं घरात मिटवलं तं... नारायणराव म्हणत होते, जरा थांबा, बसून बोलू."

 अजूनही सुचिता बापाची लेक होती. बापाचा आवाज असा ओला झाला की तिचं मन मऊ पडायचंच, आणि पडत होतं. विमलबाईंनी मान हलवली, बसून बोलू.

"बाबाले माहीत होतं," अनुपमा म्हणाली.

"काय?" सुचितानं मान वळवली.

"भाऊजी मारते म्हणून. बैठकीत बाबा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. हात हालून राह्यले होते म्हणून. आईनं चहा देला तं घेतला नाही. घेतला असता तं कप वाजला असता."

"काहीही बोलू नोको व," उकंडराव म्हणाले. "डोक्याले मार लागला तिच्या."

"तवा काऊन नाही सांगितलं मले?" सुचितानं बहिणीला विचारलं.

"तूनं भाऊजीचं विचारलं होतं," अनुपमा म्हणाली. "बाबाचं नाही विचारलं."

 विमलबाईंचं रडणं थांबलं. उकंडराव शर्टाच्या वरच्या बटणाशी काहीतरी करायला गेले आणि मग त्यांनी हात परत पँटच्या खिशांत घातले. त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, त्यात खोट काही नव्हती.

"बाबा," सुचिता म्हणाली, "हात भाईर काढा."

"काय लावलं हे..."

"हात काढा भाईर."

उकंडरावांनी हात काढले नाहीत.  सुचिता दाराकडे वळली आणि हवालदार बाईंना हाक मारली. "मॅडम, या. लिहून घ्या माहं. पहिल्या दिवसापासून सांगतो. मी मारलं तेही सांगतो." मग तिनं शेजारच्या खाटेकडे प्लास्टरचा हात केला. "अन् आम्हा दोघी बहिणीले राहाले कुठं जागा असन तं तेही पाहा. सोनाळ्यात नोको अन् अमडापुरात नोको."

विमलबाईंनी "सुचिता!" म्हणून तोंडाला पदर लावला. हवालदार बाई खुर्ची ओढत खाटेजवळ आल्या आणि बसल्या.